अनोळखी शहरातले पहिले तीन दिवस
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत मी ग्रंथांविषयी बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा असावी. मी निवडलेला विषय मात्र वरवर पाहता ग्रंथांपासून दूरचा आहे. पाठीवर एक पिशवी टाकून, कोणी ओळखीचे नसलेल्या शहरात एकट्याने उतरणाऱ्या माणसाचे पहिले दोन-तीन दिवस कसे जातात, याविषयी आज मला बोलायचे आहे. या विषयाचे आणि आपल्या वाचनालयाच्या तळमजल्यावरील मुक्तद्वार विभागाचे नाते काय, हे बोलण्याच्या ओघात स्पष्ट होईल.

अशा प्रवाशाला इंग्रजीत ‘बॅकपॅकर’ म्हणतात. मराठीत त्याला नेमके नाव नाही. ‘यात्रेकरू’ म्हणावे, तर यात्रेकरू सहसा एकटा नसतो. तो संघाबरोबर निघतो आणि तीर्थाच्या गावी उतरताच पंड्या आपली वही उघडून त्याच्या पणजोबाचे नाव काढून दाखवतो. म्हणजे यात्रेकरू परक्या गावी पोचण्यापूर्वीच त्याची ओळख तिथे पोचलेली असते. ‘वाटसरू’ वाटेवरचा, तो शहरात रमत नाही. ‘पाहुणा’ कोणाचा तरी असतो. ज्याचे कोणीच नाही आणि ज्याला तरीही शहरात राहायचे आहे, अशा माणसासाठी आपण शब्द घडवला नाही. त्याला घरात घ्यायची फारशी वेळच आली नाही, हे त्याचे कारण असेल काय, अशी शंका मला येते.

पाहुण्याविषयी मात्र आपली भाषा भरभरून बोलते. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, ही म्हण आपण सारेच जाणतो. यजमानाच्या बाजूने ती खरी आहे. आता हेच तीन दिवस परक्या शहरात आलेल्या माणसाच्या बाजूने मोजून पाहा. पहिला दिवस अंग टेकायला जागा आणि पोटाला अन्न शोधण्यात जातो. दुसऱ्या दिवशी तो रस्ते चुकतो आणि दमतो. त्या संध्याकाळी परतीच्या गाडीची वेळ विचारावी, असे त्याला तीव्रतेने वाटते. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा पानवाला त्याच्याकडे पाहून मान हलवतो आणि शहर किंचित किलकिले होते. म्हणजे यजमानाचे दार ज्या दिवशी मिटू लागते, त्याच दिवशी शहराचे दार उघडू लागते. या दोन हिशेबांमधली फट कोणी भरून काढायची, हा माझ्या आजच्या बोलण्याचा खरा विषय आहे.

मराठी वाङ्मयात या दिवसांच्या नोंदी आहेत. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आपण सर्वांनी वाचलेला आहे. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दानधर्म होणार, अशी वार्ता ऐकून हा वरसईचा भिक्षुक १८५७ साली घराबाहेर पडला आणि उठावाच्या वणव्यात सापडला. काका बरोबर असल्याने तो एकटा नव्हता, हे मला मान्य आहे. पण नव्या गावी पोचल्यावर काय करावे लागते, हे गोडसे भटजींइतके कोणी सांगितलेले नाही. गावात महाराष्ट्रीय ब्राह्मणाचे घर कोठे आहे, स्नानसंध्येला पाणी कोठे आहे, गाठीचे द्रव्य कोठे बांधावे, याची विवंचना त्या पुस्तकात पानोपानी आहे. वेद म्हणता येणे हाच त्यांचा दाखला. झाशीच्या वेढ्याची आणि लुटीची हकीकत सांगताना ते राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाविषयी हळहळतात, हेही या ठिकाणी आठवते. अंगावरचे सर्व लुबाडले गेलेला माणूस पोथ्यांसाठी हळहळतो, यात मला फार मोठे काहीतरी दिसते. हे लेखन चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून झाले आणि १९०७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा भटजी हयात नव्हते.

खऱ्या अर्थाने एकटा निघालेला माणूस म्हणजे धर्मानंद कोसंबी. गोव्यातील साखवाळ गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचे. १८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मुलांसाठी निघणाऱ्या मासिकात बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि या गृहस्थांना घरात चैन पडेनासे झाले. मुलांच्या एका मासिकाने एवढी उलथापालथ करावी, हे वाचनालयाच्या जुन्या अंकांची रद्दी काढायला निघालेल्या आपल्या सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे! याआधीही ते घर सोडून निघाले होते आणि परतले होते. १८९९ च्या अखेरीस मात्र ते निघाले ते निघालेच. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट घेतली. तेथून उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर असे करीत ते काशीला गेले. पुढे नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता, सिंहलद्वीप, मद्रास, ब्रह्मदेश. खिशात पैसा नाही आणि परतीचा दिवस ठरलेला नाही. १९२४ साली ‘निवेदन’ या नावाने त्यांचे आत्मचरित्र पुस्तकरूपाने निघाले. आजच्या पाठपिशवीवाल्या तरुणांनी ते सोबत बाळगावे.

कोसंबींचे शहरात उतरणे लक्षपूर्वक पाहिले, की एक गोष्ट जाणवते. शहर पाहण्याची त्यांना बिलकुल उत्सुकता नाही. घाट, राजवाडे, बाजार यांची वर्णने शोधणाऱ्याची ‘निवेदन’ वाचताना निराशाच होईल. गावात शिकवणारा कोण आहे आणि त्याच्यापाशी जाण्याची वाट कोणती, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. पुण्यात प्रार्थना समाजाच्या जागेत त्यांची राहण्याची सोय झाली. जातिभेद न मानणारी ती संस्था. तिच्या आश्रयामुळे दारात जातीची झडती झाली नाही. काशीत अन्नछत्रातील जेवणावर राहून त्यांनी संस्कृत व्याकरण घोकले. त्या काळच्या अन्नछत्रांविषयी आपण अभिमानाने बोलतो आणि ते रास्तही आहे, कारण त्या अन्नावर कितीतरी विद्यार्थी शास्त्री झाले. परंतु पंक्तीत बसण्यापूर्वी माणसाला आपले कुळगोत्र सांगावे लागे आणि ज्याला ते सांगता येत नसे त्याच्यापुरते छत्र बंद असे, हे वाक्य त्या अभिमानाला जोडूनच उच्चारले पाहिजे. काशीतला तोच विद्यार्थी अन्य जातीचा असता, तर त्याने पहिली रात्र कोठे काढली असती? या प्रश्नाचे उत्तर ‘निवेदना’त नाही. असणारही नाही. कारण असा विद्यार्थी काशीपर्यंत पोचलाच नाही, आणि पोचला असला तर त्याचे आत्मचरित्र आपल्या कपाटात नाही.

सिंहलद्वीपाचा प्रकार वेगळाच. १९०२ साली कोसंबी कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पोचले. इथे कोणाला त्यांच्या कुळाशी कर्तव्य नव्हते. अडचण आली ती लिपीची आणि अन्नाची. पालीचे ग्रंथ सिंहली अक्षरांत. ज्यासाठी घरदार सोडले ते समोर पडलेले आहे आणि वाचता येत नाही! ती अक्षरे त्यांनी शिकून घेतली. पुढे ब्रह्मदेशात गेल्यावर तिथली अक्षरे शिकले. अन्न मात्र शिकता येत नाही. सिंहलद्वीपातले जेवण त्यांच्या प्रकृतीला मानवले नाही आणि मुक्काम हलवणे भाग पडले. बुद्धी पाच लिप्या पचवील, पोट एक नवा रस्सा पचवीत नाही. परक्या शहराशी माणसाची पहिली झटापट होते ती पोटाशी, हे प्रवासवर्णने लिहिणारे पुष्कळदा लपवतात.

स्त्रियांचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८ वर्षांचे. पती बरोबर नव्हते. कार्पेंटरबाई नावाच्या, केवळ पत्रांतून ओळख झालेल्या एका अमेरिकन गृहिणीने त्यांना रोझेल गावी आपल्या घरी ठेवून घेतले. फिलाडेल्फियाला वैद्यकीय महाविद्यालयात त्या दाखल झाल्या त्या नंतर. ते मधले दिवस त्यांना मिळाले नसते, तर पुढचे काय झाले असते, सांगवत नाही. तिकडच्या थंडीत नऊवारीचा निभाव लागेना, तेव्हा आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीने साडी नेसायचे ठरवले आणि ते आपल्या पतीला पत्राने समजावून सांगितले. आपण बडोदेकरांनी ही हकीकत कौतुकाने सांगावी, पण तिच्यातला ताणही पाहावा. हजारो मैल दूर राहिलेल्या मुलीला नेसण्याच्या पद्धतीचाही खुलासा घरी पाठवावा लागत होता. परक्या शहरातल्या एकट्या स्त्रीला दोन गावांना तोंड द्यावे लागते, एक समोरच्या आणि एक मागे राहिलेल्या.

आता बडोद्याकडे येतो. कोसंबींचा या शहराशी संबंध सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी महाराष्ट्रातील एखाद्या शहरी राहावे आणि बौद्ध वाङ्मयाचे काम करावे, म्हणून सयाजीराव महाराजांनी १९०८ साली त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. कलकत्त्याची अधिक प्राप्तीची जागा सोडून त्यांनी ते पत्करले. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने प्रसिद्ध आहेत. दहा वर्षे पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडलेल्या माणसाला स्थिर करणारा राजा १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालये उभारतो आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी पाठवतो, या दोन गोष्टी मला एकाच वृत्तीच्या वाटतात. माणूस फिरत असेल तर त्याला बसायला जागा द्यावी. माणूस बसलेला असेल तर पुस्तकाने त्याच्याकडे चालत जावे.

माझे स्वतःचे बडोद्यातले पहिले दिवस १९६८ च्या जूनमधले. मालवणकडून एस.टी.ने मुंबई आणि तेथून रात्रीच्या गाडीने इथे. कोकण रेल्वे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. विश्वविद्यालयाचे वसतिगृह उघडायला चार दिवस अवकाश होता. ट्रंक स्टेशनावरच्या सामानघरात ठेवली, वळकटी खांद्यावर घेतली आणि धर्मशाळा गाठली. जुन्या शहराच्या चार दरवाजांतून आत येणारे रस्ते मांडवीपाशी मिळतात, हे कळेपर्यंत दीड दिवस मी सुरसागरला प्रदक्षिणा घालीत होतो. दुकानांच्या पाट्यांनी फार छळले. गुजराती लिपी मराठी माणसाला अनोळखी वाटत नाही, आणि तीच तिची खोडी. शिरोरेषा पुसलेले बालबोध समजून आपण वाचायला जातो आणि तिसऱ्या अक्षराला ठेच लागते. शब्दांचेही तसेच. ‘चोखा’ म्हणजे तांदूळ. ‘लूगडां’ म्हणजे सगळेच कपडे. दुसऱ्या दिवशी एका सज्जन दुकानदाराने निरोप देताना ‘काले मळीशुं’ म्हटले, तेव्हा मी नकळत सदऱ्याच्या बाह्या पाहिल्या. ‘उद्या भेटू’ म्हणत होता बिचारा.

त्या दिवशी एका मराठी खानावळीत गेलो. खानावळीच्या बाईंनी ताट वाढण्यापूर्वी विचारले, “तुम्ही कुणांपैकी?” प्रश्न मायेने विचारला होता. गावाकडची ओळख निघाली तर दोन घास जास्त वाढावेत, एवढाच त्यात हेतू असेल. पण माझ्या शेजारी माझ्याच वयाचा, मराठवाड्यातून आलेला एक विद्यार्थी बसला होता. प्रश्न त्याच्याकडे वळण्याआधीच तो पाण्याचा पेला खाली ठेवून उठला. बाईंना काही उमगले नाही. मला उमगले, तेव्हा तो रस्त्याला लागला होता.

संध्याकाळी पाऊस आला म्हणून मी या इमारतीच्या आडोशाला उभा राहिलो. आतून कोणीतरी “बाहेर का, आत बसा” म्हणाले. तळमजल्यावर लांब बाके, काठीला अडकवलेली वृत्तपत्रे आणि एक वही. वहीत नाव आणि वेळ लिहायची, एवढाच उपचार. कुणांपैकी, ते लिहायला रकाना नव्हता. मुंबईचे कालचे वृत्तपत्र मी शेवटच्या ओळीपर्यंत, मुद्रकाच्या नावासकट वाचले. दोन बाके सोडून तोच विद्यार्थी बसला होता, ‘सत्यकथे’चा अंक उघडून. पुढे आम्ही वसतिगृहात एका खोलीत राहिलो. परंतु ती हकीकत वेगळी, ती पुन्हा केव्हातरी.

आजच्या पाठपिशवीवाल्यांची परिस्थिती फार बदलली आहे, असे म्हणणारे अर्धे बरोबर आहेत. झोपायची खाट ते गाडीत बसल्या बसल्या मोबाईलवर राखून ठेवतात. नकाशा हातात असतो, म्हणून कोणाला रस्ता विचारावा लागत नाही. यात एक मोठा लाभ आहे. यंत्र कुळगोत्र विचारीत नाही. (नाव व आडनाव मात्र विचारते, आणि घरमालक ते वाचतात, खोली भाड्याने मागणाऱ्या तरुणांना विचारून पाहा.) तोटाही तितकाच. रस्ता न विचारल्यामुळे पानवाल्याची मान हलायची राहून जाते. गेल्या पावसाळ्यात लातूरकडची एक तरुणी आपल्या वाचन-विभागात सलग तीन दिवस येऊन बसत असे. पाठीवर तिच्याएवढीच पिशवी. नोकरीच्या शोधात आली नव्हती, शिकायलाही नाही. महिनाभर एका शहरात राहायचे आणि मग पुढच्या, असा तिचा बेत. मी विचारले, “फोनमध्ये सगळे असताना इथे कशाला?” ती म्हणाली, “काका, फोनमध्ये सगळं आहे, पण आजूबाजूला माणसं असावीत आणि त्यांनी माझ्याशी बोलू नये, अशी जागा त्यात नाही.”

मला हे उत्तर फार महत्त्वाचे वाटले. एकट्या माणसाला संगत हवी असते आणि चौकशी नको असते. घरात संगत मिळते ती चौकशीसकट. लॉजमध्ये चौकशी नसते, संगतही नसते. देवळात दोन्ही साधते, पण तिथे संध्याकाळ सरली की उठावे लागते आणि प्रत्येकाला प्रत्येक देवळात बसवतही नाही. उपाहारगृहात चहा संपेपर्यंतच मुदत. राहता राहिले वाचनालय. इथे माणूस वर्तमानपत्राच्या आड बसून शहराचा कानोसा घेऊ शकतो, आणि तिसऱ्या दिवशी त्याची अक्कल जात नाही.

म्हणूनच कार्यकारी मंडळापुढे सध्या असलेल्या प्रस्तावाविषयी मला बोलणे भाग आहे. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांमुळे खुर्च्या पुरत नाहीत, सकाळी आठलाच जागा भरतात, वृद्ध सभासदांना उभे राहावे लागते, ही तक्रार खरी आहे. मीही उभा राहिलेलो आहे. त्यावर उपाय म्हणून मुक्तद्वार विभाग बंद करून सर्वांना मासिक शुल्काचे ओळखपत्र द्यावे आणि त्यासाठी स्थानिक पत्त्याचा पुरावा व एका सभासदाची शिफारस घ्यावी, असे सुचवण्यात आले आहे. शुल्काबद्दल माझा वाद नाही. इमारतीला गळती आहे आणि वीजबिल कोणाला चुकत नाही. पण स्थानिक पत्ता आणि ओळखीचा सभासद, नेमक्या या दोनच गोष्टी शहरात काल उतरलेल्या माणसापाशी नसतात. बाकी सर्व त्याच्यापाशी असू शकते, पैसासुद्धा. खानावळीतल्या त्या प्रश्नालाच आपण छापील अर्जाचे रूप देत आहोत. जो विद्यार्थी पाण्याचा पेला ठेवून उठला, तो हा अर्ज पाहून पायरीवरूनच परत फिरेल, आणि तो येऊन गेल्याचे वहीतही उरणार नाही.

माझी सूचना मोठी नाही. देवघेव विभागाला नियम असावेत, पुस्तक घरी न्यायचे तर अनामत आणि पत्ता हवाच. अभ्यासिकेसाठी वरच्या मजल्यावर वेगळी सोय करून तिथे ओळखपत्र लावावे. तळमजल्यावर मात्र दाराजवळची दोन बाके आणि एक टेबल कोणत्याही कागदाविना खुले राहावे. तिथे मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशी चार वृत्तपत्रे असावीत, पिण्याचे पाणी असावे आणि भिंतीवर शहराचा एक मोठा नकाशा लावावा, ज्यात मांडवी आणि चारही दरवाजे ठळक दाखवलेले असतील. आणि ती जुनी वही असावी, नावाचा आणि वेळेचा, असे दोनच रकाने असलेली. १९६८ च्या वह्या माळ्यावरच्या लाकडी पेटीत आहेत, असे ग्रंथपालांनी मला परवा सांगितले. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, पण अक्षर लागते. मंडळाच्या पुढील बैठकीला त्यांतली एक टेबलावर ठेवावी, एवढी विनंती मी अध्यक्षांकडे लेखी दिली आहे.